मागले आणि आजचे

दिवाळीत फराळाच्या डब्यातले दोन लाडू कमी भरतात आणि घरातल्या सगळ्यांचे डोळे एकाच पोराकडे वळतात. का? तर मागल्या वर्षी त्यानेच खाल्ले होते! आजचे कोणी खाल्ले, हे मग कोणी विचारीतच नाही.

आम्ही कादंबरी लिहिणारे याच वाटेने जातो. स्वभाव ठरला की माणसाच्या हातून काय घडणार, हे आम्ही त्यावरून ठरवितो. न्यायाधीशाला मात्र ही मोकळीक नाही. आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य हा एरवी आजच्या गुन्ह्याचा पुरावा नव्हे, असे १८७२ च्या पुरावा कायद्याने सांगितले; २०२३ च्या नव्या कायद्यानेही ते राखले. निरनिराळ्या गुन्ह्यांचे खटले वेगळे चालवावेत, या नियमामागेही हेच शहाणपण आहे. त्याला अपवाद आहेत. पण चार कच्च्या काड्यांची मोळी बांधली, की एकेक काडी वाकवून पाहण्याचे कोणाला सुचत नाही.

मग मागले सारे पुसून टाकायचे काय? तसेही नव्हे. त्या जुन्या कायद्यातच एक दाखला होता. एकजण घरामागून घर बदलतो, प्रत्येकाचा विमा उतरवितो, प्रत्येक घराला आग लागते आणि दर वेळी तो निराळ्या कंपनीकडून पैसे घेतो. इथे मागल्या आगी पाहाव्याच लागतात. कारण त्या माणसाच्या जातकुळीविषयी नव्हे, तर आगीविषयी काही सांगतात.

हा भेद विसरला की काय होते? १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. सोलापुरात त्यांची वसाहत काटेरी तारांच्या आत होती. १९५२ मध्ये तो कायदा गेला. आज कोणत्याही कलमात जमात हा पुरावा नाही. तरी २००३ साली नाशिक जिल्ह्यात झालेल्या पाच खुनांबद्दल भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना फाशीची शिक्षा झाली. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून दुसरेच चौघे ओळखले होते. त्यांचा माग कोणी काढला नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, आणि अशा गरिबांना खोटे गोवले गेले असणे अशक्य नाही, असेही म्हटले. तोवर सोळा वर्षे सरली होती.

आमच्या टेंभुर्णीसारख्या गावच्या बाजारात पाकीट गेले, तर पहिला संशय कोणत्या पालावर जातो, हे वाचकहो, तुम्हांआम्हांला ठाऊक आहे. न्यायाधीशाचे हात कायद्याने बांधले आहेत. आपली जीभ मात्र आपणच आवरावयाची आहे.