शाल, श्रीफळ आणि कडी

घाटाखालच्या एका गावात प्राथमिक आरोग्य केंद्र होतं. डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, असा सरकारी हिशोब. त्यामुळे आसपासच्या वाड्या-पाड्यांचीही भिस्त त्याच्यावरच. औषधं वेळेवर येत, सिस्टर आणि आशाताई जागच्या जागी असत. टिकत नसे तो डॉक्टर. एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करा, नाहीतर १० लाख रुपये भरा, या बाँडवर दरवर्षी कुणीतरी नवं येई. गाव हार घाली. वर्ष भरलं की शाल-श्रीफळ देई. मग सरपंच अर्ज घेऊन पुन्हा जिल्ह्याची एसटी धरत.

यंदाच्या डॉक्टर मॅडमही निघाल्या होत्या. ग्रामसभेत शालीच्या खर्चाचा विषय निघाला, तशा जुन्या सिस्टर उभ्या राहिल्या.

"शाल राहू द्या. मॅडम का चालल्यात, ते कुणी विचारलंय का?"

"त्यात विचारायचं काय? शहरातली माणसं, इथं कशाला रमतील?" सरपंच म्हणाले.

"हे तुमचं उत्तर झालं. त्यांचं ऐका की."

मॅडम आधी हसून म्हणाल्या, "पीजी करायचंय." सिस्टर मात्र खाली बसेनात. तेव्हा मॅडम मनातलं बोलल्या.

"शिकायला मी जाणारच होते. पण शिकून परत यायचं मनात होतं, ते इथं संपलं. क्वार्टरच्या दाराला आतून कडी नाही. वर्षभर दाराला टेबल लावून झोपले. अडलेली बाई आली, साप चावलेला माणूस आला, तर रात्री उठायलाच हवं. त्याबद्दल तक्रार नाही. पण आठ दिवसांच्या खोकल्यासाठी रात्री एकला दार वाजतं. दुसऱ्या डॉक्टरची जागा रिकामी, म्हणून सुट्टी नाही. गरज नव्हती म्हणून सुई दिली नाही, तर भर ओपीडीत शिवी खाल्ली. तुमच्यातले बरेच जण तिथं होते. कुणी चकार शब्द काढला नाही."

सभा गप्प झाली. मागून एक तरुण म्हणाला, "डॉक्टर बदलला तर बिघडलं कुठं? औषध तर तेच असतंय."

"तेच असतं, हेच तर दुखणं आहे," मॅडम म्हणाल्या. "या बाबांना बीपीच्या एका गोळीने पाय सुजायचे. आधीच्या डॉक्टरांनी ती बदलली, पण का बदलली ते केसपेपरवर लिहिलं नाही. मी नवीन. मी तीच गोळी परत लिहिली आणि बाबांचे पाय परत सुजले. नॉर्वेत प्रत्येकाला नावाने नेमलेला डॉक्टर असतो. तिथल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की १५ वर्षांहून जास्त काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, वर्षभराचीच ओळख असलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी होतं. माणूस माहीत असणं हेही औषधच आहे."

त्या महिन्यात क्वार्टरला कडी बसली. रात्री आलेल्या पेशंटला आधी सिस्टरांनी बघायचं आणि गरज असेल तरच डॉक्टरांना उठवायचं, असं ठरलं. शिवी देणाऱ्याला त्याच्या चुलत्यानेच माफी मागायला आणून उभं केलं. सरपंचांचा अर्जही बदलला. आता ते 'डॉक्टर द्या' एवढंच लिहीत नव्हते. 'दुसरी जागा भरा, म्हणजे पहिला टिकेल' असं लिहीत होते. जागा लगेच भरली नाही, पण शेजारच्या केंद्राशी बोलून आळीपाळीने रविवारची सुट्टी ठरली.

मॅडम गेल्या. त्यांच्यासाठी हे सगळं उशिरा झालं होतं.

पण बाँडची जागा निवडताना नवे डॉक्टर आधीच्यांना फोन करून विचारतात, "तिथलं कसं आहे?" या गावाबद्दल आजवर एकच उत्तर मिळे : "नाव टाकू नकोस." यंदा मॅडम म्हणाल्या, "इथं दाराला कडी आहे आणि गाव ऐकून घेतं."

त्या वर्षी एका डॉक्टरने हे गाव आपणहून निवडलं. वर्ष संपल्यावर त्याने मुदत वाढवून मागितली.

तात्पर्य : डॉक्टर आणायला जिल्ह्याला जावं लागतं, टिकवायला गावातच राबावं लागतं. जाणाऱ्याचं म्हणणं जे गाव मनावर घेतं, त्याचा पत्ता पुढचा डॉक्टर स्वतः विचारत येतो.