आधी प्रेक्षकाला बांध

“अर्ध्या मिनिटात साखळीतून सुटलो, सर,” असं छाती फुगवून सांगितलंस. तुझी चूक त्यातच आहे. अर्ध्या मिनिटात सुटते ती बेडी कच्ची होती, एवढंच लोकांनी त्यातून ताडलं. चाकणच्या त्या मेळाव्यात मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. तू पेटीत कोंडलेला असताना माझ्या आजूबाजूची माणसं मोबाईल बघत होती. तू अडकला आहेस हे त्यांना पटलेलंच नव्हतं. शेवटी पडलेल्या टाळ्या शिष्टाचाराच्या होत्या, त्यांच्यावर फुशारकी मारू नकोस.

तुझ्यासमोर कोण बसलं होतं याचा विचार तरी केलास का? फिटर, टर्नर, वेल्डर, टूलरूममधले कारागीर. दुरुस्तीसाठी मशिनमध्ये हात घालण्याआधी ही माणसं मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतात आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात. कुलूप म्हणजे काय, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि त्यांच्यापुढे तू घरून आणलेली साखळी, घरून आणलेलं कुलूप, तुझ्याच सहायकाकडून, कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यावर भराभर लावून घेतलंस! पहिल्या रांगेतला एक जण साखळी बघायला उठला, तर त्याला हाताने खाली बसवलंस. तो उठला हे तुझं भाग्य होतं. त्याने कडी ओढून बघितली असती, वेल्डिंगचा जोड निरखला असता, कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली असती, तर त्याच्या डोळ्यांनी सगळ्या सभागृहाने तपासणी केली असती. त्याला बसवलंस तिथेच प्रयोग संपला होता.

सुटकेच्या प्रयोगात सुटण्यापेक्षा बांधण्याला जास्त वेळ द्यायचा असतो, हे मी तुला किती वेळा सांगितलं? आणि बांधायचं तेही एकाच गोष्टीने. साखळी, वर पोतं, वर पेटी, वर पडदा असा ढीग रचलास. माणूस नेमका कशात अडकला आहे, हे प्रेक्षकाला एका वाक्यात सांगता आलं नाही, तर तो भिणार कशाला?

सुटकेचे प्रयोग करणाऱ्या हुदिनीचं नाव तू ऊठसूट घेतोस, पण त्याचा अभ्यास करत नाहीस. १७ मार्च १९०४ रोजी लंडनच्या हिप्पोड्रोम नाट्यगृहात ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने आव्हान म्हणून आणलेल्या बेड्या त्याच्या हातात पडल्या. समोर सुमारे ४००० माणसं होती. सुटायला त्याला तासाहून अधिक वेळ लागला. मधेच तो आडोशातून बाहेर आला, कोट काढण्यापुरत्या बेड्या काढा म्हणाला. नकार मिळाला. तेव्हा त्याने खिशातला चाकू काढून दातांनी उघडला आणि अंगावरचा कोट कापून टाकला. तेवढ्या वेळात सगळं सभागृह त्याच्या बाजूचं झालं. अडचण लोकांसमोर आली, उपाय लोकांसमोर झाला, आणि बेडी तरीही हातातच राहिली. रहस्य असं वाढवतात. तू पेटीतून मारलेल्या खोट्या किंकाळ्यांनी ते वाढत नाही.

पडद्याचंही तेच. हात अंगाशी बांधून टाकणाऱ्या स्ट्रेटजॅकेटमधून तो सुरुवातीला पडद्याआड सुटायचा. लोकांना बाहेर आलेला घामाघूम माणूस दिसायचा, झुंज दिसायची नाही, म्हणून विश्वास बसायचा नाही. तीच धडपड उघड्यावर केल्यावर लोक खुर्चीच्या कडेवर आले. १९०८ च्या, पाण्याने भरलेल्या दुधाच्या कॅनमध्ये कोंडून घेण्याच्या प्रयोगात पडदा घ्यावाच लागला, तर त्याने आधी प्रेक्षकांनाच आपल्याबरोबर श्वास रोखून धरायला लावला. एकेकाचा श्वास सुटत गेला आणि तो अजून पाण्यातच आहे, हे प्रत्येकाला स्वतःच्या छातीत कळलं. वेळ पडली तर कॅन फोडायला शेजारी कुऱ्हाड घेऊन माणूस उभा असायचा. तुझ्या पडद्यामागे काय चाललंय हे मोजायला तू लोकांना काय दिलंस? काहीच नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. “पुढच्या वेळी इंद्रायणीत साखळदंड बांधून उडी मारतो, मग बघा लोक कसे येतात,” असं तू मित्रांना सांगितल्याचं माझ्या कानावर आलं आहे. खबरदार! १६ जून २०१९ रोजी कोलकात्यात चंचल लाहिरी हा अनुभवी जादूगार साखळ्या-दोरांनी बांधून घेऊन हुगळीत उतरला. वर आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह सापडला. धोका प्रेक्षकाच्या मनात उभा करायचा असतो, स्वतःच्या फुप्फुसात नाही. नदीचा प्रवाह तालमीला येत नाही आणि तुझ्या खुणेवर थांबतही नाही. रंगवता येत नाही म्हणून जीव पणाला लावणं हे धाडस नाही, आळस आहे.

ज्या आंबेठाण रस्त्याने तू रोज कंपनीच्या बसने जातोस, त्या आंबेठाणात १९२४ साली रघुनाथ भोपळे जन्मले. जादूगार रघुवीर म्हणून त्यांनी देश-परदेश गाजवला आणि पुढे मुलाने, नातवाने ती कला चालवली. खेड तालुक्याच्या मातीतून हे घडलं आहे. तेव्हा “आमच्याकडे साधनं नाहीत, इथल्या लोकांना कळत नाही” ही कारणं माझ्यापुढे पुन्हा आणू नकोस. इथल्या लोकांना कळतं, म्हणूनच तू उघडा पडलास.

तुझे हात तयार आहेत, हे मला माहीत आहे. म्हणून तर एवढं बोलतोय. उद्यापासून पेटी बंद, संगीत बंद. एक साखळी आणि भोसरीच्या कुठल्याही दुकानातून दुसऱ्याने आणलेलं एक कुलूप घे. ते अनोळखी माणसाकडून तपासून लावून घे. सगळ्यांसमोर झगड. सुटल्यावर बंद कुलूप त्याच माणसाच्या हातात ठेव आणि त्याच्याच किल्लीने उघडायला लाव. हे तुला नीट जमेपर्यंत चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहाची तारीख मागायला माझ्याकडे येऊ नकोस.