आधी पाणी, मग मासे

घरात नवी फिशटँक आली की दुसऱ्याच दिवशी घरातलं लहान मूल विचारतं, मासे कधी आणायचे? टाकीत पाणी आहे, खडे आहेत, फिल्टर चालू आहे. पाणी इतकं नितळ की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं. मग अडलंय कुठे?

अडलंय ते न दिसणाऱ्या गोष्टीपाशी. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. कृष्णेत तो वाहून जातो, विरून जातो. काचेच्या टाकीत जाणार कुठे? तिथे तो जिरवायला जिवाणू लागतात. फिल्टरच्या स्पंजावर, खड्यांवर त्यांची वस्ती होते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांच्या जिवावर उठणारी. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, अधूनमधून थोडं पाणी बदललं की निघून जातं. पण हे जिवाणू वाढतात फार सावकाश. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. म्हणून टाकीत त्यांच्यासाठी चिमूटभर खाद्य कुजू द्यायचं आणि महिना, कधी सहा आठवडे थांबायचं. कुणाच्या जुन्या टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर तो विरजणासारखा लागू पडतो आणि दिवस वाचतात.

मग एका सकाळी तपासणीच्या नळीत अमोनिया शून्य दिसतो, नायट्राइटही शून्य. टाकी तयार झाली.

तयार झाली, पण किती जणांसाठी?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. जिवाणूंची वस्ती त्यांना मिळणाऱ्या अन्नाएवढीच असते. चिमूटभर खाद्य कुजवून तयार केलेली टाकी त्या चिमटीपुरती तयार असते. त्यात एकदम वीस मासे सोडले तर वस्ती अपुरी पडते. पाणी तेवढंच नितळ दिसत राहतं आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. पाच-सहा मासे सोडले तर वस्ती दोन आठवड्यांत त्यांच्यापुरती वाढते. मग पुढचे चार आणावेत, पुन्हा थांबावं. आधीचं थांबणं सगळ्यांना माहीत असतं. मधलं थांबणं जड जातं, कारण तोवर टाकी हलती-बोलती झालेली असते.

उलटंही खरं आहे. टाकी तयार झाल्यावर ती तशीच रिकामी ठेवली तर जिवाणू उपाशी पडतात आणि वस्ती ओसरत जाते. घाई जशी नडते, तशी फार वाट पाहणंही नडतं.

सावकाशीचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो, हे माशांच्या पिशवीकडे पाहिल्यावर कळतं. सांगलीच्या दुकानातून एसटीने मासे साताऱ्याला आणले, तर तीन तास ते बंद पिशवीत श्वास घेत असतात. पिशवीत अमोनिया साठतो. पण कार्बन डायऑक्साइडही साठतो, त्याने पाणी किंचित आम्ल होतं आणि अमोनियाची धार बोथट राहते. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून पिशवी बंदच ठेवून टाकीत तरंगू द्यावी, पाण्याची ऊब सारखी होऊ द्यावी. एकदा उघडल्यावर मात्र रेंगाळू नये. मासे जाळीने अलगद उचलून टाकीत सोडावेत, पिशवीतलं पाणी बाहेर ओतावं. जिथे आठवडे थांबायचं तिथे आपण घाई करतो आणि जिथे मिनिटांत आटपायचं तिथे निवांत असतो.

आणि सावकाश म्हणजे एकेक करून असंही नाही. झेब्रा डॅनिओ हा थव्याने राहणारा मासा. एकटा आणला तर बावरतो, कोपरा धरतो. त्याला सोबत्यांसह आणावं लागतं. मोजून आणावं, पण एकटं पाडू नये.

सातारा आणि सांगलीच्या पश्चिम कडेला नव्या जागेत प्राणी रुजवण्याचं हेच काम मोठ्या मापाने चाललं आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जंगल दाट, पाणी भरपूर, पण वाघांचं नांदतं कुटुंब नव्हतं. मोजके नर तेवढे दिसायचे. वनखात्याने आधी वाघाच्या खाण्याचं पाहिलं. सागरेश्वर अभयारण्यातली चितळं चांदोलीत नेली, तीही आधी कुंपणात ठेवली. बाहेरून आठ वाघ आणायची परवानगी मिळाली, तरी नोव्हेंबर 2025 मध्ये सुरुवात ताडोबाच्या जंगलातल्या एकाच वाघिणीने झाली. तिलाही थेट रानात सोडलं नाही. काही दिवस कुंपणात ठेवलं, मग दार उघडलं. आठांची परवानगी हातात असताना एकीपासून सुरुवात करणं मला त्या सगळ्या कामातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

टाकीतही कोण आधी आणि कोण मागून, याला महत्त्व आहे. एंजल मासा ठेवायचा असेल तर टाकी उंच हवी आणि तो शेवटी आणावा. आधी आला तर अख्खी टाकी आपलीच समजतो, मागून येणाऱ्यांना हुसकावत राहतो. शेवटी आला की बाकीच्यांनी आपापले कोपरे धरलेले असतात, जागा त्यालाच शोधावी लागते. दुकानदार मात्र पहिल्या भेटीत एंजलच पुढे करतो. दिसायला देखणा, आणि गप्पीपेक्षा त्यात चार पैसे जास्त सुटतात.