‘नको’ म्हणजे नक्की काय?

अमेरिकेत नवे आलात की कधीतरी ऑफिसातलं कुणीतरी तुम्हाला घरी जेवायला बोलावतं. ‘काय आणू?’ असं तुम्ही विचारता. ‘काही नको, नुसते या.’ तरीही तुम्ही काहीतरी नेता आणि ते चालूनही जातं. खरी परीक्षा टेबलावर असते. यजमानीण विचारते, ‘आणखी पास्ता?’ तुम्ही सवयीने ‘नको’ म्हणता आणि भांडं पुढे सरकतं, ते परत काही येत नाही. माझं पहिलं आमंत्रण असंच पार पडलं. रात्री अकरा वाजता घरी येऊन मी खिचडीचा कुकर लावला आणि ही माणसं कोरडी आहेत, असा निकालही देऊन टाकला.

आपल्या पंगतीत पहिला ‘नको’ हा नकार नसतोच, तो संकोच असतो. वाढणाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून तो पुन्हा विचारतो. यात एक मोठी माणुसकी आहे. भिडस्त माणसाला तोंडाने मागावं लागत नाही. आग्रह त्याची भूक झाकून ठेवतो.

हे सगळं मला पटलेलं होतं, एका संक्रांतीपर्यंत. शेजारीण तिच्या लहान मुलाला घेऊन आमच्याकडे आली होती. मी तिळाचा लाडू पुढे केला. ‘नो थँक यू, त्याला नको,’ ती म्हणाली. ‘एकच! आज नाही म्हणायचं नसतं,’ असं म्हणत मी लाडू मुलाच्या हातावर ठेवलासुद्धा. तिने तो झटकन काढून घेतला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मुलाला तिळाची ॲलर्जी होती. काही विपरीत घडलं नाही, पण माझे हात बराच वेळ कापत होते.

अमेरिकेत 2023 पासून पाकिटबंद खाण्यावर तिळाचा उल्लेख सक्तीचा आहे. शेंगदाण्याचा त्याआधीपासूनच होता. म्हणजे आपला तिळगूळ दोन्हींकडून धोक्याचा. पण प्रश्न तेवढ्या तिळाचा नाही. तिने एकदा ‘नको’ म्हटलं होतं. तेवढं पुरेसं का नव्हतं? वाइनचा ग्लास नाकारणाऱ्याने कदाचित मोठ्या कष्टाने दारू सोडलेली असेल. आपण तीनदा विचारलं की त्याला चारचौघांत एक तर खोटं बोलावं लागतं, नाही तर स्वतःचं दुखणं उघडं करावं लागतं. आपल्याला जे प्रेम वाटतं, ते त्याच्यासाठी उलटतपासणी ठरतं.

मग आग्रह सोडून द्यायचा? माझी आई इथे आली तेव्हा एका बार्बेक्यूला ‘नको’ म्हणून रिकाम्या ताटलीने बसून राहिली होती. तिच्या ‘नको’वर सगळ्यांनी सभ्यपणे विश्वास ठेवला आणि ती उपाशी राहिली. एकाला जो मान वाटतो, त्यात दुसऱ्याची उपासमार होते.

मी आता मधला मार्ग धरला आहे. ‘नको’ ऐकलं की वाढत नाही, पण भांडंही हलवत नाही. ‘इथेच ठेवलंय, हवं तेव्हा घ्या,’ एवढंच म्हणते. निर्णय पाहुण्याचा आणि भांडं त्याच्या हाताशी.

पण यजमानाने शब्दावर विश्वास ठेवायचा, तर पाहुण्यानेही शब्द खरा बोलायला हवा. तेव्हा भूक असेल तर पहिल्याच खेपेला ‘हो’ म्हणा. वाटतं तितकं ते सोपं नाही. मला तरी अजून दरवेळी जमत नाही.