पाकळी उजवी, पाकळी डावी

आमच्या डिचोलीकडे सोयरीक ठरवताना पत्रिकेइतकाच मान देवाच्या कौलाला. ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि वाट पाहायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

माझ्या आत्याचे लग्न १९६३ साली झाले. साखळीच्या एका शाळामास्तरांत तिचे मन गुंतले होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. बोलत कुणी नसे. लग्न झाले ते पेडण्याच्या स्थळाशी. ‘योग नाशिल्लो रे,’ एवढेच ती पुढे म्हणे. मला वाटे, मास्तरांच्या नावाची पाकळी डावी पडली असावी. आजोबा गेल्यावर आजीकडून कळले, की देवापुढे प्रश्न एकच ठेवला होता : पेडण्याचे स्थळ पत्करावे काय? मास्तरांचे नाव गाऱ्हाण्यात निघालेच नव्हते.

तेव्हापासून मला दैवाचा नव्हे, प्रश्न विचारणाऱ्याचा धाक वाटतो. शास्त्रकारांनी कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग सांगितले. लग्नाच्या बैठकीत नाव निघते ते प्रारब्धाचे. क्रियमाण, म्हणजे आपण या घडीला स्वतः करतो ते, सुपारीच्या तबकाखाली झाकलेले असते.

गोव्यात तर आणखी एक गंमत आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्याने विवाह हा इथे करार. वधूवरांनी नोंदणी कार्यालयात जाऊन आधी इच्छा जाहीर करायची, मध्ये कुणाची हरकत असेल तर तिची वाट पाहायची, मग दुसरी सही. स्वर्गात बांधलेल्या गाठीवर खाली दोन सह्या! देवळात जिला कुणी विचारले नाही, तिला सरकार दोनदा विचारते. आत्याच्याही त्या दोन सह्या आहेत, तिच्याच हाताच्या.

म्हणून एकदा धीर करून तिला खरी गोष्ट सांगितली. ती अबोलीचा वळेसर ओवीत होती. हात थांबला नाही.

‘‘माका खबर आशिल्लें. आईन तेन्नाच सांगिल्लें.’’

‘‘मग योग नव्हता असं का म्हणतेस?’’

‘‘बापायचें नांव घेवचे परस देवाचें घेतिल्लें बरें.’’

मला उत्तर सुचले नाही. इतकी वर्षे ज्याला मी तिची अंधश्रद्धा समजत होतो, ते तिने वडिलांवर घातलेले पांघरूण होते. ते घालायची पाळी तिच्यावर यावी, हे मात्र मला आजही पटत नाही.

यंदा आमच्या घरी पुन्हा बोलणी चालू आहेत. मुलगा माझ्या मुलीने स्वतः पाहिला आहे. वडीलधारी प्रसाद लावायला निघाली, तेव्हा मी एवढेच विचारले, ‘‘गाऱ्हाण्यात नाव कुणाचे घालणार?’’