बेशिस्तीचा आराखडा

आपल्याकडे शहराविषयीची कुठलीही चर्चा फिरून फिरून एकाच वाक्यापाशी येते : ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही.’ कुणी सिग्नल तोडला, कुणी उलट्या दिशेनं दुचाकी घातली, कुणी रूळ ओलांडले, की निदान तयारच असतं. या वाक्यात दोन सोयी आहेत. ते उच्चारणारा स्वतः त्या ‘लोकां’त मोडत नाही, ही पहिली. आणि दोष एकदा स्वभावावर टाकला की कुणालाच काही करावं लागत नाही, ही दुसरी. स्वभावाला औषध नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो.

मुंबईत हार्बर मार्गावर, वडाळ्याजवळ, २०१०च्या सुमारास झालेला एक प्रयोग या निदानाची चांगलीच पंचाईत करतो. मुंबईच्या लोकल मार्गांवर त्या काळी दरवर्षी हजारो माणसं जीव गमावत होती आणि त्यांतली कितीतरी रूळ ओलांडताना गाडीखाली सापडत होती. फलक होते, उद्घोषणा होत्या, कायदाही होता. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तरी माणसं ओलांडतच होती. तेव्हा मध्य रेल्वेसाठी ‘फायनलमाइल’ या वर्तनशास्त्राच्या अंगानं काम करणाऱ्या सल्लागार संस्थेनं हा प्रश्न हाती घेतला. लोकांना काय सांगायचं, यापेक्षा रुळांत पाऊल टाकणाऱ्याला त्या क्षणी काय दिसतं आणि काय ऐकू येतं, याकडे त्यांनी लक्ष दिलं.

दिसतं ते असं, की समोरून येणारी अवाढव्य वस्तू डोळ्यांना तिच्या खऱ्या वेगापेक्षा संथ वाटते. गाडी अजून लांब आहे, असं वाटत असतानाच ती अंगावर येते. त्यात उर्मटपणा काही नाही, डोळ्याचीच ती मर्यादा आहे. म्हणून रुळांखालचे काही स्लीपर ठरावीक अंतरानं पिवळ्या रंगानं रंगवले. गाडी ते एकेक करून गिळत पुढे येते, तेव्हा तिचा वेग नजरेला कळतो. लांबलचक हॉर्न शहराच्या गोंगाटात विरून जातो, म्हणून मोटरमननं दोन तुटक हॉर्न द्यायचे, मध्ये क्षणभर शांतता ठेवायची. आणि सूचनेच्या फलकाऐवजी, नेमक्या ओलांडण्याच्या जागी, गाडी अंगावर येताना भेदरलेल्या माणसाच्या चेहऱ्याचे मोठे फोटो लावले. त्या पट्ट्यातले मृत्यू लक्षणीय कमी झाले. माणसं तीच होती. कुणाचं प्रबोधन झालं नव्हतं, कुणाला दंड वाढवून लावला नव्हता. रंग, आवाज आणि एक चेहरा, एवढ्यानं वागणं बदललं.

पण एवढ्यावर खूश होऊन थांबता येत नाही. रूळ ओलांडणाऱ्याला सावध कसं करायचं, याचं उत्तर वडाळ्यानं दिलं. मुळात एखादी बाई रूळ का ओलांडते, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

तिची वस्ती रुळांच्या एका बाजूला, बाजार, रेशन दुकान आणि मुलाची शाळा दुसऱ्या बाजूला. पूल आहे, पण तो स्टेशनच्या टोकाला. तिथवर चालत जायचं, जिने चढायचे, पलीकडे उतरायचं आणि पुन्हा तेवढंच मागे चालत यायचं, ते घरासमोरच दिसणाऱ्या जागी पोचायला. एका हातात भाजीची पिशवी, कडेवर पोर, दुसरं पोर पदराला धरून. ती उभी राहते, दोन्हीकडे पाहते, साडीचा घोळ वर उचलते, मुलाचा दंड घट्ट पकडते आणि झपाझप पलीकडे जाते. धोका तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण त्या वस्तीतलं कुणी ना कुणी तिथं गेलेलं असतं. पण हा हिशेब तिला दिवसातून तीन-चारदा करावा लागतो आणि तिच्या दिवसात वाया घालवायला वेळ नाही. याला आपण बेफिकिरी म्हणतो. खरं तर वस्ती एकीकडे, बाजार दुसरीकडे आणि पूल तिसरीकडे ठेवणाऱ्यांची बेफिकिरी ती रोज स्वतःच्या जिवावर निभावून नेत असते.

आणि पुलावरून शिस्तीत जाणाऱ्यांचं काय झालं? २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस. पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) आणि मध्य रेल्वेचं परळ या स्टेशनांना जोडणाऱ्या पुलाच्या अरुंद जिन्यावर सकाळच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. पावसामुळे लोक आडोशाला जिन्यावरच थांबले होते, मागून गाड्यांतून उतरणारी गर्दी येऊन आदळत होती. रेल्वेच्या चौकशीत कारण म्हणून पाऊस आणि गर्दी पुढे आली. नव्या, रुंद पुलाला मंजुरी आधीच मिळालेली होती, काम मात्र सुरू झालेलं नव्हतं. दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण केलं आणि पुढच्या फेब्रुवारीत पूल उभा राहिलासुद्धा. त्या २३ जणांपैकी एकानंही रूळ ओलांडले नव्हते. रेल्वे वर्षानुवर्षं जे सांगत आली, ‘पुलाचा वापर करा’, तेच ते करत होते.

ती गर्दी आभाळातून पडली नव्हती. परळ, लालबाग, प्रभादेवी हा सगळा गिरणगाव. भोंगा झाला की कामगार चाळीचा जिना उतरून पायीच पाळीवर जायचा. एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे गडी, खानावळीतलं जेवण, सार्वजनिक संडासापुढची रांग. त्या राहणीचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण काम आणि घर यांच्यामध्ये लोकलचं तिकीट नव्हतं. १८ जानेवारी १९८२ला कापड गिरण्यांतल्या कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होरपळले आणि गिरण्या एकामागून एक कायमच्या थंडावल्या. त्या जमिनींसाठी १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. जमिनीचा ढोबळमानानं एक तृतीयांश वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी त्यामागची कल्पना. २००१मध्ये त्यात बदल झाला. ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, गिरणीच्या बांधकामाखालची जमीन तिच्यातून वगळली गेली आणि लोकांचा वाटा आक्रसला. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, मॉल आले. तिथं काम करणारी माणसं विरार, डोंबिवली, पनवेलहून येऊ लागली. चालत येणाऱ्यांचा भाग लोकलनं येणाऱ्यांचा झाला आणि जिने होते तेवढेच राहिले. २००१चा तो बदल ज्यांनी केला, त्यांना बेशिस्त म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही.

मग काय, माणसाची काहीच जबाबदारी नाही? सगळा दोष आराखड्याचा? असं म्हणणंही पळवाटच होईल. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाच्या राजधानीचं, बोगोटाचं उदाहरण इथं विचार करायला लावतं. १९९५मध्ये गणित आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेले अंतानास मॉकुस तिथं महापौर झाले. शहर बेदरकार वाहतुकीसाठी कुप्रसिद्ध होतं. मॉकुस यांनी चौकाचौकांत मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले. झेब्रा पट्ट्यांवर गाडी आणणाऱ्याची, सिग्नल नसताना धावत सुटणाऱ्याची ते नक्कल करायचे आणि बघे हसायचे. दंडाच्या पावतीपेक्षा चारचौघांत झालेलं हसं जास्त लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. नागरिकांना कार्डं वाटली : एका बाजूला वर केलेला अंगठा, दुसऱ्या बाजूला खाली केलेला. चालकांनी ती एकमेकांना दाखवायची. पुढे १९९८मध्ये एनरिके पेन्यालोसा महापौर झाले. त्यांनी फूटपाथवरच्या गाड्या हटवून तिथं खांब रोवले, फूटपाथ रुंद केले आणि २०००च्या अखेरीस ‘ट्रान्समिलेनियो’ ही स्वतंत्र मार्गिकांवरून धावणारी बससेवा सुरू केली. गाडीवाले इतके संतापले, की पेन्यालोसांना पदावरून हटवण्यासाठी मोहीम निघाली. एकानं माणसांच्या वागण्याला हात घातला, दुसऱ्यानं रस्त्याला. रस्त्यावरचे अपघाती मृत्यू दहाएक वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. श्रेय नेमकं कुणाचं, हे वेगळं काढणं अवघड आहे आणि त्याची गरजही नाही. चालायला जागाच नसेल तर फूटपाथवरून चाला, हा उपदेश पोकळ ठरतो. आणि फूटपाथ केलाच, पण त्यावर गाडी लावण्याची लाज कुणाला वाटत नसेल, तर तो वाहनतळ होतो.

आता हेच आरशात पाहू. शहर म्हणजे फक्त महापालिका आणि रेल्वे नव्हे. तुमच्याआमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभाही शहराचा आराखडा काढत असते. विषय येतो : मागचं गेट सुरक्षेच्या कारणास्तव बंद करावं. कुणाचाच विरोध नसतो, कारण सभेला बसलेल्यांपैकी मागच्या गेटनं कुणी येत-जात नाही. येतात ते घरकामाच्या मावशी, इस्त्रीवाला, शेजारच्या वस्तीतून शाळेत जाणारी मुलं. ठराव एकमतानं मंजूर होतो, कुलूप लागतं. दुसऱ्या दिवसापासून मावशी हमरस्त्यानं, फूटपाथ नसलेल्या बाजूनं, बसच्या चाकाला चाटून वळसा घालून येतात आणि उशीर झाला म्हणून चार घरी बोलणी खातात. काही महिन्यांनी कुंपणाची भिंत एका जागी ढासळलेली दिसते, तिथून पायवाट पडलेली असते. पुढच्या सभेत पुन्हा तेच वाक्य येतं, ‘या लोकांना शिस्तच नाही,’ आणि भिंतीवर काटेरी तार बसते. आराखडा वागणं घडवतो, त्या वागण्याचा दाखला देऊन पुढचा आराखडा आणखी निष्ठुर होतो. हे चक्र आपण स्वतः हात वर करून फिरवलेलं असतं.

नीतीचा विचार करताना आपण माणसाच्या निवडीकडे पाहतो : त्यानं हे केलं, ते करायला हवं होतं. पण निवडीला किंमत असते आणि ती प्रत्येकाला सारखी पडत नाही. गाडीतून येणाऱ्याला नियम पाळायचे म्हणजे एक मिनिट थांबायचं. पायी येणाऱ्याला तोच नियम पाळायचा तर अर्धा किलोमीटर चालायचं, दोन जिने चढायचे, रोजंदारीचा तास गमवायचा. ज्या शहरात सरळ वागायला धैर्य लागतं, तिथं दोष वाकडं वागणाऱ्यावर एकट्यावर टाकता येत नाही. चांगलं वागणं साध्या, दमलेल्या, घाईतल्या माणसालाही परवडेल इतकं सोपं करणं, हे आराखडा करणाऱ्याचं कर्तव्य आणि आराखडा करणाऱ्याला तसं करायला भाग पाडणं, हे आपलं.

आणि भाग पाडता येतं. मुंबईच्या २०३४पर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा २०१५च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. त्यातल्या चुकांवर एवढा गदारोळ उठला, की एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो रद्द करावा लागला. वर्षभरानं सुधारित मसुदा आला आणि अंतिम मंजुरीला २०१८ उजाडलं. नकाशे वाचणाऱ्या, वॉर्डांत फिरणाऱ्या, रांगेत उभं राहून अर्ज देणाऱ्या माणसांनी ते घडवलं. हरकती आणि सूचना नोंदवायला कायद्यानं मुदत ठरवून दिलेली असते. ती उलटून गेल्यावर ‘लोकांना शिस्त नाही’ म्हणायला मात्र मुदत नसते, आणि आपण बहुतेक जण नेमकी हीच सवलत वापरतो.