नेम आणि पार
जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जुनी जैन लेणी आहेत. तिथं दर्शनाला येणारी कितीतरी कुटुंबं पाणी गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवतात. जीवदयेपोटी पाळलेला हा नेम शरीरालाही मानवतो.

पण श्रद्धेतली प्रत्येक रीत अशी मानवत नाही. आपल्याकडं शेतात साप चावला, की माणसाला अजूनही कुठं कुठं आधी मारुतीच्या पारावर नेतात. लिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला नाही, तर विष चढलं म्हणायचं! त्यातच मोलाचा वेळ जातो. सर्पदंशावरचे उपचार रोखून मंत्रतंत्र करणं 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तरी आईचा जीव देवाकडं धावतो, हे मला कळतं. मावशी, नारळ घरच्या कुणीतरी फोडावा. लेकराला तडक सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरची लस तिथं मोफत मिळते.